टोकन काढणाऱ्याचा हिशेब

नवं क्रिप्टो टोकन बाजारात यायचं असतं तेव्हा लोक बरंच काही विचारतात. तंत्रज्ञान कोणतं, लिस्टिंग कधी, भाव कुठवर जाईल, मागे कोण मोठी माणसं आहेत. या पुस्तकाच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यांत क्वचितच असतो: टोकन काढणाऱ्याच्या हातात पैसे केव्हा पडतात? वचन पुरं केल्यावर, की वचन देताक्षणीच? माझ्या मते बाकीचे सगळे प्रश्न याच्या मागून येतात. ज्याला कामाआधीच सगळे पैसे मिळाले, आणि काम झालं नाही तरी ते परत करावे लागत नाहीत, तो काम करील असं मानायला त्याच्या भलेपणाशिवाय दुसरा आधार राहत नाही.

ही प्रस्तावना मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या अंगाने लिहितो आहे. लोकांनी आपापले थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि त्यातून संस्था उभी करायची, हा व्यवहार इथे चार पिढ्या चालत आला आहे. सांगली बँक 1916 ची. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी 1936 साली युनायटेड वेस्टर्न बँक काढली. पुढे वसंतदादा पाटलांचा सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींचा हुतात्मा. शिवाय गावोगावच्या सोसायट्या, दूधसंघ, पतसंस्था. यांतल्या सगळ्या टिकल्या नाहीत. ज्या टिकल्या नाहीत त्यांचं काय झालं, ते आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे.

युनायटेड वेस्टर्नच्या व्यवहारांवर 2 सप्टेंबर 2006 रोजी स्थगिती आली. महिनाभराने ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले, भागधारकांना शेअरमागे 28 रुपये मिळाले. सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2020 मध्ये रद्द केला, तेव्हा पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा होता, आणि 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असं रिझर्व्ह बँकेने त्याच वेळी जाहीर केलं. पाच लाखांवर ज्यांच्या ठेवी होत्या त्यांचं दुःख खरं आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण या तिन्ही वेळी दार ठोठवायला एक पत्ता होता. परवाना देणारा कोण, विमा देणारा कोण, ताबा घेणारा कोण, हे आधीच कागदावर ठरलेलं होतं.

सहकारात तर हे आणखी खोल गेलेलं आहे. या भागात सहकाराच्या राजकारणात वावरणारा माणूस ‘83 ची चौकशी लागली’, ‘88 खाली जबाबदारी निश्चित झाली’ असं सहज बोलतो. हे आकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलमांचे. कलम 83 खाली संस्थेच्या कारभाराची चौकशी होते. कलम 88 खाली, ज्याने संस्थेच्या पैशांचा गैरवापर केला त्याच्यावर व्यक्तिशः रक्कम बसवता येते, व्याजासकट. माझ्या दृष्टीने यात सर्वांत महत्त्वाची बाब अशी की 88 ची पकड फक्त संचालकांवर नाही. संस्था काढण्यात ज्यांनी भाग घेतला ते प्रवर्तकही तिच्यात येतात. ‘मी फक्त सुरू करून दिली, पुढे चालवली दुसऱ्यांनी’ असं म्हणून सुटायची वाट या कायद्याने 1960 सालीच अडवून ठेवली. या चौकशा वर्षानुवर्षं रेंगाळतात, त्यांना स्थगित्या मिळतात, अनेकदा काहीच वसूल होत नाही; हे सगळं मान्य. तरीही कुणाला जबाबदार धरायचं हे इथे शोधत बसावं लागत नाही.

उसाचंही तसंच. शेतकरी आधी ऊस घालतो, पैसे मागून मिळतात, म्हणजे जोखीम सगळी त्याची. म्हणून 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांची मुदत आहे. ती टळली तर वर्षाला 15 टक्के व्याज, आणि तरीही पैसे थकले तर साखर आयुक्तांकडून आरआरसी, म्हणजे जमीन महसुलासारखी वसुली. ही व्यवस्था आपोआप चालत नाही. ती चालावी म्हणून दर हंगामात रस्त्यावर उतरावं लागतं. पण आंदोलन करायचं कशासाठी, याला 14 दिवस हा ठरलेला आकडा आहे.

आता टोकनकडे येऊ.

टोकन काढणं आज अतिशय स्वस्त आहे. इथेरियमवर टोकनसाठी 2015 मध्ये ईआरसी-20 हा नमुना मांडला गेला आणि त्यानंतर थोडं प्रोग्रॅमिंग येणाऱ्या कुणालाही तासाभरात टोकन काढता येऊ लागलं. जानेवारी 2024 मध्ये सोलानावर पंप.फन सुरू झालं, तेव्हा प्रोग्रॅमिंग येण्याचीही गरज उरली नाही. नाव लिहा, चित्र चढवा, टोकन तयार. काढायला खर्च नाही म्हणजे काढणाऱ्याचं स्वतःचं अडकलेलं काही नाही, आणि बहुतेक बिघाड इथून सुरू होतो.

समजा, कुणी 100 कोटी टोकन काढले. त्यातले 99 कोटी स्वतःच्या, मित्रांच्या आणि ‘टीम’च्या वॉलेटमध्ये ठेवले, एक कोटी बाजारात सोडले. त्या एक कोटीतले काही हजार टोकन दहा रुपयांना विकले गेले, की जाहिरातीत लिहिता येतं: बाजारमूल्य एक हजार कोटी रुपये. प्रत्यक्षात बाजारात आलेली रक्कम लाखभर रुपयांचीही नसते. बाकीचे 99 कोटी टोकन दहा रुपयांनी घेणारा कुणीच नाही, पण काढणाऱ्याला ते सगळे विकायचेही नसतात. दहाऐवजी दोन रुपयांना थोडे विकले गेले, तरी त्याचा खर्च शून्य होता. या पुस्तकातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे गणित राहावं, इतकं ते मला मोलाचं वाटतं. एकूण टोकन किती, बाजारात फिरणारे किती, उरलेले कुणाकडे आणि ते विकायची मुभा कधीपासून, हे चार आकडे समजल्याशिवाय भाव या शब्दाला अर्थ येत नाही.

भावाचाही आधार तपासावा लागतो. विकेंद्रित एक्स्चेंजवर टोकनची खरेदी-विक्री एका सामाईक साठ्यातून होते. त्यात एका बाजूला नवं टोकन, दुसऱ्या बाजूला इथर किंवा यूएसडीटीसारखं खपणारं चलन. हा साठा बहुधा टोकन काढणाऱ्यानेच भरलेला असतो, आणि तो कुलूपबंद केलेला नसेल तर एका रात्रीत काढून घेता येतो. 2021 मधल्या ‘स्क्विड गेम’ टोकनची तऱ्हा त्याहून पुढची होती. घेता येत होतं, विकता येत नव्हतं. भाव 2,800 डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत शून्यावर आला. चढता भाव पाहून जे आत शिरले त्यांना बाहेरचं दार मुळातच नव्हतं.

हे सगळं परदेशातलं आणि संगणकातलं, आपल्या मातीशी त्याचा काय संबंध, असं वाटणाऱ्या वाचकाने 2019 सालचं इस्लामपूर आठवावं. झाबुआकडची कडकनाथ कोंबडी, काळं मांस, औषधी म्हणून बोलबाला. तिथल्या एका कंपनीने शेतकऱ्यांना पिल्लं आणि खाद्य विकलं, अंडी आणि पक्षी ठरलेल्या चढ्या दराने आपणच परत घेऊ असा करार केला. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि त्यापलीकडच्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी पैसे घातले, शेड बांधल्या, काहींनी कर्ज काढलं. मग कंपनीची खरेदी थांबली, गुन्हे दाखल झाले, आणि त्या सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या.

कोंबडी खरी होती, अंडी खरी होती. खोटा होता तो भाव, कारण त्या भावाने घेणारं गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते म्हणजे विकणारी कंपनी. बाहेरच्या बाजारात त्या दराने अंडं घेणारा कुणी नव्हता. नव्या शेतकऱ्याचे पैसे येत होते तोवर जुन्या शेतकऱ्याची अंडी विकली जात होती. नव्या टोकनच्या भावाचीही बहुतेकदा हीच रचना असते. फरक इतकाच की टोकनला खाद्य लागत नाही, म्हणून ते जास्त वेगाने वाढवता येतं.

जगातला या विषयावरचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा निवाडाही शेतीचाच आहे. 1946 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर फ्लोरिडातल्या हॉवे कंपनीचा खटला होता. कंपनी लोकांना संत्र्याच्या बागेचे पट्टे विकायची आणि मशागत, तोडणी, विक्री स्वतःच करायची. न्यायालय म्हणालं, ही जमिनीची विक्री नाही. दुसऱ्याच्या श्रमातून नफा मिळेल या आशेने एका सामाईक धंद्यात घातलेला हा पैसा आहे, म्हणून याला रोख्यांचे कायदे लागू. अमेरिकेत टोकन म्हणजे रोखा की नाही, हा वाद आजही त्याच निवाड्याच्या कसोटीवर लढवला जातो. आपल्याकडे 1990 च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांनी लोकांना लुबाडलं, त्यानंतर सेबी कायद्यात सामूहिक गुंतवणूक योजनांची तरतूद आली. त्या तरतुदीखाली सेबीने पुण्याच्या समृद्ध जीवन या कंपनीवर कारवाई केली. तिथे लोकांचे पैसे शेळ्या आणि जनावरांच्या नावावर घेतले जात होते. संत्री, साग, शेळी, कोंबडी, आणि आता टोकन. वस्तू बदलत गेली. पैसे आधी घ्यायचे आणि श्रम, विक्री, हिशेब सगळं पडद्याआड ठेवायचं, ही मांडणी तशीच राहिली.

महाराष्ट्रातलं टोकनचं सर्वांत मोठं प्रकरण गेनबिटकॉइनचं. अमित भारद्वाज याच्या या योजनेत एक बिटकॉइन द्या आणि 18 महिने दरमहा दहा टक्के घ्या, म्हणजे एकूण 1.8 बिटकॉइन, असं वचन होतं. क्लाउड मायनिंगमधून ते मिळतील असं सांगितलं जाई, आणि नवी माणसं जोडणाऱ्याला वेगळं कमिशन. 2017 साली बिटकॉइनचा भाव वर्षाच्या सुरुवातीच्या सुमारे हजार डॉलरवरून डिसेंबरात वीस हजारांच्या जवळ गेला. ज्याने बिटकॉइनमध्ये देणं कबूल केलं होतं त्याच्या डोक्यावरचं ओझंही त्याच पटीने वाढलं. बिटकॉइन छापता येत नाही. मग काय केलं, तर परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या घरच्याच टोकनमध्ये द्यायला सुरुवात केली. सीबीआयच्या म्हणण्याप्रमाणे हा बदल एकतर्फी होता, आणि एमकॅपची खरी किंमत बिटकॉइनच्या मानाने फार कमी होती.

टोकन काढण्यामागची प्रेरणा इतकी उघडी पडलेली मला दुसरीकडे दिसत नाही. या टोकनने कुठलं यंत्र चालायचं नव्हतं, कुठली सेवा मिळायची नव्हती. देणेकऱ्याने आपलं देणं आपणच छापलेल्या कागदात फेडलं, एवढंच त्याचं काम. कारखान्याने उसाची एफआरपी, म्हणजे ठरलेला किमान दर, रुपयांत द्यायची सोडून स्वतःच छापलेल्या कुपनांत दिली, तर कृष्णाकाठी काय होईल हे सांगायला नको. एमकॅपच्या वेळी लोक गप्प राहिले, कारण कुपनाला इंग्रजी नाव होतं आणि पडद्यावर त्याचा भाव दिसत होता.

भारद्वाजला एप्रिल 2018 मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी 2022 मध्ये तो वारला. ईडीच्या सांगण्याप्रमाणे 2017 या एकाच वर्षात गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत 6,600 कोटी रुपयांच्या घरात होती. तपासात मदतीला घेतलेल्या दोघा सायबरतज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च 2022 मध्ये जप्त क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून अटक केली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर 2023 नंतर प्रकरण सीबीआयकडे गेलं. फेब्रुवारी 2025 मध्ये साठाहून अधिक ठिकाणी छापे पडले, त्यांत पुणे, नांदेड आणि कोल्हापूरही होतं. 2015 च्या सुमाराला सुरू झालेल्या योजनेचा तपास दहा वर्षांनंतरही चालूच होता. ठाण्यातही जून 2018 मध्ये मनी ट्रेड कॉइन नावाच्या टोकनवरून गुन्हा दाखल झाला होता, म्हणजे एमकॅप हे एकटं उदाहरण नाही.

मोठ्या माणसांची नावं लागली की जबाबदारी वाढते, असा एक समज आहे. अनुभव उलटा आहे. 17 जानेवारी 2025 ला डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचं टोकन आलं. त्यातले 80 टक्के त्यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे राहिले, आणि उलाढालीतून येणारं उत्पन्नही त्यांना मिळतं हे टोकनच्या संकेतस्थळावरच लिहिलं होतं. म्हणजे भाव चढो वा पडो, व्यवहार होत राहणं पुरेसं. पुढच्याच महिन्यात, 14 फेब्रुवारीला, अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियेर मिले यांनी लिब्रा नावाच्या टोकनची एक्सवर तारीफ केली. त्याचं कागदी मूल्य 400 कोटी डॉलरच्या वर गेलं आणि काही तासांत कोसळलं. त्या तासांत मोजक्या वॉलेटांनी कोट्यवधी डॉलर काढून घेतले होते.

जबाबदारी बसवणं अशक्य आहे, असं मात्र मी मानत नाही. टेलिग्राम कंपनीने 2018 मध्ये टोकन देण्याच्या बोलीवर 170 कोटी डॉलर गोळा केले होते. अमेरिकी नियामक न्यायालयात गेला, टोकनवाटप थांबलं, आणि 2020 मध्ये कंपनीने 120 कोटी डॉलर परत करायचं आणि 1 कोटी 85 लाख डॉलर दंड भरायचं कबूल केलं. युरोपीय संघाचा मायका कायदा 30 डिसेंबर 2024 पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात टोकनबरोबर दिलेल्या श्वेतपत्रिकेत खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती असेल तर नुकसानभरपाई मागता येते, आणि टोकन बाजारात व्यवहाराला येण्याआधी ते थेट विकत घेतलेल्या सामान्य ग्राहकाला 14 दिवसांत पैसे परत मागता येतात.

आपल्याकडे शेअर काढायचा झाला तर हे सगळं आहेच. आयपीओत प्रवर्तकांचे किमान 20 टक्के भाग साधारण 18 महिने विकता येत नाहीत. माहितीपत्रकात खोटं लिहिलं तर कंपनी कायद्याच्या कलम 34 खाली गुन्हा, 35 खाली भरपाई. टोकनला यातलं काहीच नाही. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, 1 जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस आहे. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने क्रिप्टोचे व्यवहार करून देणारे मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आले. टोकनच्या विक्रीशी निगडित वित्तीय सेवांचाही तिच्यात उल्लेख आहे. पण काढणाऱ्याने काय जाहीर करावं, किती काळ विकू नये, चुकल्यास किती भरावं, यावर कायदा गप्प आहे. सरकारला कर मिळतो, गुंतवणूकदाराला 88 नाही.

एक हत्यार मात्र आपल्या राज्याकडे आधीपासून आहे, आणि ते पुरेसं वापरलं जात नाही असं माझं मत आहे. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्यात ठेव म्हणजे फक्त पैसा नव्हे. ठरल्या मुदतीने परत करण्याच्या बोलीवर घेतलेली मौल्यवान वस्तूही ठेवच. एप्रिल 2022 मध्ये 63 मून्स या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही व्याप्ती मान्य केली. बिटकॉइन घेऊन 18 महिन्यांत दीडपटीहून अधिक परत देण्याचं वचन या व्याख्येत बसायला हरकत दिसत नाही. या कायद्यात प्रवर्तकाची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटता येते. अडचण मालमत्ता सापडण्याची आहे. सातबारा शोधणारी यंत्रणा वॉलेट शोधायला अजून पुरती शिकलेली नाही, म्हणून पुढे एका संपूर्ण प्रकरणात वॉलेटचा पत्ता, व्यवहाराचा क्रमांक आणि तारखेसकट पुरावे कसे जपायचे ते दिलं आहे.

आणखी एका माणसाविषयी लिहायचं राहिलं. इथे टोकन परदेशी कंपनी विकत नाही. ते विकतो पाहुणा, निवृत्त मास्तर, पलटणीतून परत आलेला सुभेदार, ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे. त्याने स्वतःचेही पैसे घातलेले असतात आणि पेआउट थांबलं की त्याचेही बुडतात. लोक त्याच्या दारात जातात, कारण पत्ता फक्त त्याचाच माहीत असतो. त्याला गुन्हेगार म्हणायचं की बळी, याचं सरसकट उत्तर मला देता येत नाही. पण त्याने घेतलेलं कमिशन ही मोजता येणारी रक्कम आहे, आणि ती परत घेतली गेली पाहिजे यावर मी ठाम आहे. त्याहून आधीचा उपाय सोपा आहे. हळदीच्या सौद्यात अडत किती, हे पट्टीवर लिहिलेलं असतं. तसंच टोकनच्या सेमिनारच्या दारातच विचारावं: माझी आयडी लागली की तुम्हाला किती सुटतात, आणि कशात सुटतात? उत्तर रुपयांत आलं आणि आपला परतावा मात्र टोकनमध्ये असेल, तर विकणाऱ्याने स्वतःचा हिस्सा त्या टोकनबाहेर ठेवून घेतला आहे, हे जॉइनिंगचे पैसे देण्याआधीच कळतं.